दादाचं बरोबर उत्तर

"आजी, तुझ्या शाळेतली एखादी मजेशीर आठवण सांग ना," असं म्हणत नात समोर येऊन बसली, तेव्हा म्हातारी शेंगा सोलत होती. नातीच्या शाळेतून तसं फर्मानच निघालं होतं. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बोलतं करा, लहानपणच्या शाळेबद्दल विचारा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि वर्गात ऐकवा. मजेशीरच हवं, हे बाईंनी बजावून सांगितलं होतं. हल्ली सगळ्यांना सगळं मजेशीरच हवं असतं, असं म्हातारीचं मत होतं. तरी तिनं सांगितलं. मास्तर खुर्चीत बसून डुलक्या काढत होते आणि उघड्या दारातून आलेली बकरी त्यांच्या कोटाची बाही चघळत होती, आणि पोरं तोंडात बोळे कोंबून हसत होती, ही गोष्ट. नात खिदळली. आतून सूनबाईही म्हणाली, "छान सांगितलंत हो, आई."

"आणि तुझा भाऊपण त्याच शाळेत होता ना गं? तो काय करायचा?"

"आधी ते बंद कर," म्हातारी म्हणाली.

नातीनं मोबाइल बंद केला. तिला हवं ते मिळालं होतं, त्यामुळे उत्तराची वाट न बघता ती बाहेर खेळायला पळाली. म्हातारी मांडीवरच्या सालांकडे बघत राहिली. तो काय करायचा म्हणे! मार खायचा. दुसरं काय करणार?

त्या काळात पोर म्हटलं की त्याला बडवायचंच, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसे. आईबाप बडवायचे, काका-मामा बडवायचे, रस्त्यानं जाणारा परकाही जाता जाता एखादी टपली हाणून जायचा आणि वर त्याला कुणी जाब विचारायचं नाही. पण लोहाराच्या घरचा मार वेगळा. घराला लागूनच लोहारशाळा होती, मधे एकच भिंत, आणि बाबांचा हात दिवसभर लोखंडावर पडून पडून असा झाला होता की, माणसावर पडताना तो हलका करायचा असतो याचं त्यांना भानच राहत नसे. आईही काही कमी नव्हती. बाबांनी झोडपलं की आई जखमेला तेल लावायची आणि तेल लावता लावता, "मुळात बापाला राग येईल असं वागलासच का," म्हणून आणखी दोन धपाटे घालायची. तिच्या लेखी ते तेलाइतकंच औषध होतं.

दादा तिच्याहून तीनेक वर्षांनी मोठा. अंगानं दांडगा, मनानं मऊ आणि अभ्यासात ठार ढ. तीनदा नापास झाल्यामुळे बहिणीनं त्याला गाठलं होतं. सकाळी शाळा, दुपारी भट्टीवर भाता ओढायचा, असा त्याचा दिवस. बहिणीला तो ठिणगी म्हणायचा, कारण ती चटकन भडकायची. ओढ्याला पाणी असलं की तिला पाठुंगळी घेऊन पलीकडे न्यायचा, आणि मधोमध थांबून, "टाकू का? टाकू का?" म्हणून घाबरवायचा. त्या घरात तिच्याशी हसून बोलणारा तेवढा एकच जण होता.

एका दुपारी भाता ओढता ओढता त्याचं लक्ष उडालं. बाहेर कुणाची तरी घोडी उधळली होती, तो बघत बसला, निखारे मंदावले आणि बाबांच्या हातातल्या कुऱ्हाडीच्या पात्याचा ताव उतरला. लोहाराला याहून मोठा गुन्हा माहीत नाही. पातं बाबांनी बाजूला फेकलं आणि हातातल्या सांडशीचं तापलेलं टोक दादाच्या दंडाला लावलं. उचललं. पुन्हा लावलं. मांस जळाल्याचा वास भिंतीपलीकडे चुलीपाशी बसलेल्या ठिणगीच्या नाकात गेला. दादा ओरडला नाही. खालच्या ओठात त्याचे दात रुतले होते आणि हनुवटीवरून रक्त गळत होतं.

मागच्या अंगणात पाण्याच्या पिपापाशी ती त्याच्या दंडावर पाणी ओतत होती तेव्हा तो म्हणाला, "ठिणगे, एक ऐकून ठेव. यापुढं कुणीही माझ्यावर हात टाकला ना, तर मी निघून जाईन. मागं वळूनसुद्धा बघणार नाही."

"कुठं जाशील?"

"पाय नेतील तिकडं."

तो थापा मारणारा मुलगा नव्हता. दादा नसलेलं घर तिनं डोळ्यांसमोर आणून बघितलं. बाबा, आई, भट्टीचा आवाज आणि मधे आपण एकटी. तिनं हळूच विचारलं, "आणि मी मारलं तर?"

"तू?" रडवेल्या तोंडानं दादा हसला. "तू मारलंस तर माशी बसली असं वाटतं मला. तू धरायचीच नाहीस."

त्या दिवसापासून पोरीनं पहारा सुरू केला. दादावर कुणाचाही हात पडू द्यायचा नाही, बस्स. दहा वर्षांच्या मुलीनं असलं काम अंगावर घ्यावं आणि ते जमेल असं तिला वाटावं, यात काही नवल नाही. दहाव्या वर्षी सगळंच जमेल असं वाटतं.

घरची आघाडी तिनं कानांनी सांभाळली. बाबा घाव घालताना मधेच ऐरणीवर एक रिकामा ठोका टाकायचे, टिण् करून. मन ठिकाणावर असलं की तो ठोका यायचा. तो बंद झाला की बाबांचं डोकं फिरायला लागलं असं समजायचं. मग ती हातातलं टाकून लोहारशाळेत धावायची आणि काहीतरी उद्योग करून ठेवायची. कधी पाण्याची बादली लवंडायची, कधी कोळशाची पाटी पायानं उडवायची. बाबांचा राग त्या बाजूला वळायचा. मुलीला ते सांडशीनं मारत नसत, तेवढा विवेक त्यांच्यात होता. नुसत्या हातानं मारत. एकदा ती उडून दाराच्या चौकटीवर आपटली आणि तिचा बाजूचा दात पडला. दुधाचाच होता, असं म्हणून आईनं तो विषय संपवला. ठिणगी मात्र खूश होती. दादा त्या दिवशी कोरडा सुटला होता.

शाळेची आघाडी अवघड होती, कारण तिथं मास्तर होते.

हे मास्तर गावात फार थोर समजले जात. "मी विद्यार्थ्याला बोटही लावत नाही," असं ते चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगायचे, आणि ते अक्षरशः खरं होतं. मारायचं काम त्यांनी पोरांवर सोपवलं होतं. वर्गातली रीत अशी, की मास्तर कधी या टोकापासून, कधी त्या टोकापासून प्रश्न विचारत जायचे. ज्याला उत्तर येत नाही त्यानं उभं राहायचं. ज्याला पहिल्यांदा बरोबर उत्तर आलं, त्यानं उभ्या असलेल्या सगळ्यांच्या मुस्काटात एकेक ठेवून द्यायची. आवाज मास्तरांच्या टेबलापर्यंत पोहोचला पाहिजे. नाही पोहोचला तर पुन्हा. पुन्हाही नाही पोहोचला, तर हात राखून मारणाऱ्यालाच अख्ख्या रांगेनं ठोकायचं. एवढं सांगून मास्तर खुर्चीत मागे रेलून बसत आणि कान देऊन ऐकत. बकरीनं त्यांची बाही खाल्ली त्याचं पोरांना एवढं हसू का आलं, ते बाईंना कळणार नाही.

उत्तरं बहुतेक वेळा ढब्बूला यायची. ढब्बू म्हणजे दुकानदाराचा मुलगा. गोरा, गुबगुबीत, आणि मारताना त्याचे डोळे चमकायचे. मारण्याआधी तो हाताला थुंकी लावायचा, म्हणजे जास्त झोंबतं. दादा तर उभ्या राहणाऱ्यांत रोजचाच. ढब्बूचा हात दादाच्या गालावर पडला की संपलं, दादा गेला, हे ठिणगीला स्पष्ट दिसत होतं. मग करायचं काय? उपाय एकच होता. ढब्बूच्या आधी आपल्याला उत्तर यायला हवं. दादाला मारायचंच असेल तर आपण मारायचं. आपला मार तो धरत नाही.

असा तिचा अभ्यास सुरू झाला. नशिबानं तेव्हाच शाळेला महिन्याची सुट्टी लागली होती. चुलीपुढे बसून ती पाढे घोकायची, भांडी घासताना कविता म्हणायची, झाडता झाडता नद्या आणि डोंगर पाठ करायची. सुट्टी संपली त्या दिवसापासून ती वर्गात पहिली यायला लागली. गावात म्हणायला लागले, लोहाराची पोर काय हुशार निघाली हो! हुशार कसली? तिला आपल्या भावाच्या थोबाडीत मारायचा हक्क मिळवायचा होता.

दोघांनी घरामागे त्याची तालीम केली होती. दादा गाल फुगवून धरायचा, ती पंजाची खोलगट वाटी करून बरोबर गालाच्या मधोमध हाणायची. फाट् असा आवाज निघायचा, लागायचं काहीच नाही. वर दादा असा कळवळल्याचं सोंग करायचा की ठिणगीला हसू आवरायला जीभ चावावी लागे. बाकीच्यांना ती खरंच मारायची. ढब्बू उभ्या राहणाऱ्यांत असला तर जरा जास्तच खरं.

काही दिवस असे बरे गेले. पण गावात दुसऱ्यावर डोळे लावून बसलेली माणसं असतातच. बहिणीच्या हातचा मार खाणारा म्हणून पोरं दादाला चिडवायला लागली. ढब्बू तर त्याच्या पाठीमागे गाल फुगवून चालायचा. दादानं पुष्कळ सहन केलं. मग एक दिवस शाळा सुटल्यावर विहिरीजवळ ढब्बू म्हणाला, "घरी बहिणीचे पायपण चेपतोस का रे?" आणि दादानं त्याला उचलून विहिरीच्या कठड्यावर आपटलं. एकदा आपटून त्याचं समाधान झालं नाही. खाली पाडून, छातीवर बसून, भाता ओढणाऱ्या त्या हातांनी त्यानं ढब्बूचं तोंड ठेचायला घेतलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज ठिणगीनं ऐकला. पोरं लांब पळाली. तिनं दादाचे केस धरून मागे ओढलं, दंडाला चावा घेतला, तेव्हा कुठं तो थांबला. त्याच्या मुठी रक्तानं माखल्या होत्या आणि चेहरा हुबेहूब बाबांसारखा दिसत होता. तिला त्याची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी दुकानदार मुलाला घेऊन लोहारशाळेत आला. ढब्बूच्या तोंडाचा भोपळा झाला होता. "हे तुमच्या मुलाचं काम," दुकानदार म्हणाला. "का मारलं, तर म्हणे बहिणीच्या हातचा मार खातो असं माझा मुलगा म्हणाला. मग खोटं आहे का ते? सगळी शाळा बघते."

तो गेल्यावर बाबांनी सांडशी उचलली. ठिणगी आधीच दारात टपून बसली होती. तिनं झेप घालून बाबांच्या पायाला मिठी मारली. बाबांनी पाय झटकला, ती सुटली नाही. त्यांनी दुसऱ्या पायानं तिच्या बरगडीत लाथ घातली, तरी सुटली नाही. "त्याला नको! बाबा, त्याला नको! तो जाईल!" ती किंचाळत होती. कोण जाईल, कुठं जाईल, बाबांना काही कळलं नाही. पण लाथा घालून तेच दमले. सांडशी निखाऱ्यांत फेकून ते दादाला म्हणाले, "लोहाराचा मुलगा तू. बहिणीकडून थोबाडीत खातोस? पुन्हा ऐकलं ना असं, तर हा हात," त्यांनी दादाचा उजवा हात धरून ऐरणीवर ठेवला, "इथंच ठेचीन. भाता ओढायला डावा पुरतो."

म्हणजे आता ठिणगीनंही दादाला मारायची सोय उरली नाही. ढब्बूही काही दिवसांत नाक बांधून शाळेत येणार होता. रात्री कुशीवर वळता येत नव्हतं एवढी बरगडी दुखत होती, आणि तिच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. दादाला एकदा तरी उत्तर आलं पाहिजे. सगळ्यांदेखत. बाबांच्या कानावर जाईल असं.

दुसऱ्या दिवसापासून दादाला शाळा बुडवायला लावून तिनं त्याला तेराचा पाढा शिकवायला घेतला. तेराचाच का? तर मास्तरांचा तो लाडका, कारण त्यात निम्मा वर्ग गारद व्हायचा. दादाच्या डोक्यात नुसते आकडे राहत नसत. मग तिनं युक्ती काढली. भाता एकदा खाली, एकदा वर. खाली जाताना 'तेरा साते', वर येताना 'एक्क्याण्णव'. बाबा बाहेर गेले की दोघं भात्यापाशी बसायची आणि ठेक्यावर पाढा म्हणायची. आकडा चुकला की निखारा फुलायच्या आधीच ती "अंहं" करायची. हळूहळू त्याला जमायला लागलं. एका दुपारी त्यानं तेरा एके तेरापासून तेरा दाहे तीसाशेपर्यंत सगळा पाढा न अडखळता म्हटला आणि तो असा हसला, की कोळशानं काळ्या झालेल्या तोंडात नुसते दातच दिसले.

"ठिणगे, आलं की गं मला!"

"मग? येणारच."

तो दिवस उगवला तेव्हा ढब्बूही वर्गात होता. नाकावर पट्टी, डोळ्यांखाली काळं-निळं. दादाच्या पलीकडेच बसला होता, हाताला थुंकी लावायची वाट बघत. मास्तरांनी रांगेच्या ठिणगीकडच्या टोकापासून सुरुवात केली. "तेरा साते?"

पहिला उभा राहिला. दुसरा उभा राहिला. तिसऱ्यानं काहीतरी ठोकून दिलं आणि तोही उभा राहिला. मग ठिणगी. तिच्या शेजारी दादा बसला होता. त्याचा हात मांडीवर भाता ओढल्यासारखा खाली-वर होत होता आणि ओठ हलत होते. त्याला येत होतं. आपण उत्तर दिलं तर हा प्रश्न त्याच्यापर्यंत जाणारच नाही, आणि पुढचा प्रश्न कसला येईल कुणास ठाऊक. ती जागेवरून उठली.

"येत नाही, मास्तर."

मास्तरांच्या भुवया वर गेल्या. "तुला येत नाही? बरं. पुढे."

"एक्क्याण्णव!" दादा ओरडला. मास्तर त्याच्याकडे बघायच्या आधीच ओरडला.

मास्तर खरोखर चकित झाले. "बरोबर," ते म्हणाले. "अरे वा! दगडाला पाझर फुटला म्हणायचा. चल, ऊठ. लाग कामाला."

दादा उठला. पहिल्या मुलाला त्यानं अशी ठेवून दिली की भिंत वाजली. दुसऱ्यालाही तशीच. तिसरा तर मारण्याआधीच रडायला लागला. रोज खाणाऱ्याला एखाद्या दिवशी वाढायला मिळालं की हात सैल सुटतो, तसा त्याचा सुटला होता. मग तो ठिणगीपुढे आला आणि थांबला. हे होणार हे तिनं धरलं होतं. आपण त्याला एवढ्या मारल्या, त्यानं एक मारली तर काय बिघडलं? तिनं गाल फुगवला आणि डोळ्यांनीच खुणावलं, मार.

दादानं तिच्या गालाला नुसता हात लावला.

"ऐकू आलं नाही," मास्तर म्हणाले.

दादानं पुन्हा हात लावला. आधीपेक्षाही हळू. त्याच्या बोटांना कोळशाचा वास येत होता.

"ऐकू आलं नाही," मास्तर म्हणाले, आणि खुर्चीत सरसावून बसले. "बहिणीचा पुळका आला वाटतं. रांग, उभी राहा. द्या याला एकेक." ढब्बू सगळ्यांच्या आधी उठला. त्यानं तळहातावर थुंकी टाकली.

त्या क्षणी ठिणगीला दुसरं काही दिसत नव्हतं. अख्खी रांग दादाला मारणार आणि दादा जाणार. मागे वळूनसुद्धा बघणार नाही. "दादा, मार!" ती कुजबुजली. "जोरात मार ना रे. माझं काही नाही. मार ना, दादा, मार!"

दादानं डोळे मिटले आणि मारलं.

डोळे मिटल्यामुळे हात गालावर पडलाच नाही. तो कानावर पडला. भाता ओढणारा, घण उचलणारा उजवा हात, सगळ्या ताकदीनिशी. ठिणगी बाकाच्या कडेवर आपटली आणि खाली पडली. डोक्यात एक शिट्टी सुरू झाली, लांबच लांब, आणि डाव्या कानातून काहीतरी गरम मानेवर उतरायला लागलं. तिला वर्ग दिसत होता. पोरांची तोंडं उघडी होती. मास्तर टेबलावर बोटांनी ताल धरून काहीतरी म्हणत होते, आणि उजव्या कानानं तिनं ते ऐकलं. "शाब्बास! हे ऐकू आलं."

पुढचं फार पटकन झालं. दादानं टेबल उचललं. दोन माणसांना न हलणारं ते टेबल त्यानं छातीपर्यंत उचललं आणि मास्तरांवर घातलं. खुर्चीसकट मास्तर मागे कोसळले. दादा टेबलावर चढला आणि वरून नाचल्यासारखा उड्या मारायला लागला. खाली मास्तर डुकरासारखे ओरडत होते. मग ते ओरडायचे थांबले आणि त्यांच्या तोंडातून दातांचे तुकडे आणि रक्त यायला लागलं. पोरं दारातून, खिडक्यांतून बाहेर उड्या टाकून पळाली. शेवटी दादा खाली उतरला, त्यानं ठिणगीला पाठुंगळी घेतलं आणि घरी निघाला. तिच्या कानातलं रक्त त्याच्या मानेवरून सदऱ्यात जात होतं.

घरी पोहोचायच्या आधीच बातमी पोहोचली होती. आईनं कापसाचा बोळा कानात कोंबला आणि तिला उजव्या कुशीवर निजवलं, रक्त गेलेला कान वर ठेवून. बाबा लोहारशाळेतून आले. त्यांच्या हातात सांडशी होती. दादा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, त्यानं सदरा काढला आणि पाठ वळवली.

"मारा," तो म्हणाला.

बाबांनी हात उचलला.

"मारा ना, बाबा. जोरात मारा." तो रडत होता. दंडाला तापलेली सांडशी लागली तेव्हा न रडलेला दादा हुंदके देऊन रडत होता. "आई, तू तरी मार. मारा रे मला कुणीतरी!"

बाबांचा हात तसाच राहिला. त्यांनी कोपऱ्यात निजलेल्या पोरीकडे पाहिलं, मुलाच्या उघड्या पाठीवरच्या जुन्या वळांकडे पाहिलं, आणि ते लोहारशाळेत परत गेले. गार लोखंडावर घणाचे घाव पडायला लागले. गार लोखंडावर कधी कुणी घाव घालतं का? पण ते घालत राहिले. आईनं डोळ्याला पदर लावला आणि चुलीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी दादाला कुणीच मारलं नाही. घरात नाही, गावात नाही. ठिणगीला वाटलं, जिंकलो. झालं एकदाचं.

दुपार कलली तेव्हा तो तिच्यापाशी येऊन उकिडवा बसला. तोंड धुऊन आला होता. त्यानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग वाकून, तिच्या वरच्या कानाशी तोंड नेऊन, तो काहीतरी बोलला. डाव्या कानाशी. तिला त्याचा श्वास लागला, गरम आणि ओलसर. ओठ हलताना कानाच्या पाळीला टेकले तेही कळलं. आवाज मात्र आला नाही. उजवा कान उशीत होता आणि डाव्यात नुसती शिट्टी. त्या कानाला आता कधीच काही ऐकू येणार नाही हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. तो बोलून थांबला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. काहीतरी विचारल्यासारखा.

काय म्हणालास, असं विचारायला हवं होतं. पण तोंड उघडलं की कानात सुरी फिरायची. आणि दादा आपल्याशी बोलतोय, रागावलेला नाही, एवढ्यानंच तिला इतकं बरं वाटलं होतं की तिनं मान हलवली. हो म्हणून. दोनदा.

त्यानंही मान हलवली. उठला आणि दारातून बाहेर गेला.

बाबांनी भट्टी बंद ठेवून आसपासची सगळी गावं पालथी घातली. तो सापडला नाही. त्या वर्षी नाही, पुढेही कधी नाही. मास्तर बरे झाले आणि बोळक्या तोंडानं, "मी विद्यार्थ्याला बोटही लावत नाही," असं सांगत गावात मानानं जगले आणि मानानंच गेले. बाबांनी त्यानंतर कुणावर हात उचलला नाही असं सांगायला बरं वाटलं असतं, पण उचलला. दादा नव्हता म्हणून ठिणगीवर उचलला. तिची शाळा कायमची सुटली आणि दादाच्या जागी ती भाता ओढायला बसली, आणि ताव उतरला की सांडशी तिच्याही दंडाला लागली.

सत्तरएक वर्षं झाली त्याला. लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला, नातवंडं आली. अजूनही एकटी असली की म्हातारी त्या श्वासात शब्द भरून बघते. "दुखतंय का?" म्हणाला असेल. "माझं चुकलं, माफ करशील?" असं म्हणाला असेल. हे दोन ती दिवसा भरून बघते. तिसरा एक शब्द आहे, तो ती तोंडावर येऊ देत नाही, पण तोच त्या श्वासाच्या मापात नेमका बसतो. "जाऊ?" असं विचारलं असेल त्यानं. आणि तिनं हो म्हटलं होतं.